माझ्या कोपऱ्यातली माय

मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी गाद्या भरायच्या होत्या, म्हणून माय मला मालेगावला घेऊन गेली. मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, आमच्या तालुक्याचं गाव, मेडशीहून एसटीनं अर्ध्या तासाच्या आत. गादीच्या दुकानाचा मालक पन्नाशीचा माणूस होता. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले, आणि मान अशी जाड की खांदे कुठून सुरू होतात ते कळू नये. माय कापूस चिमटीत धरून पारखत बसली. मला कंटाळा आला. दुकानाच्या मागून धप्प धप्प असा आवाज येत होता, तो कसला ते बघायला मी उठून गेले.

मागे टिनाचं शेड होतं. जमिनीवर मालकानं स्वतः शिवलेल्या कापसाच्या जाड गाद्या अंथरलेल्या, आणि त्यावर सहा-सात जण एकमेकांना आदळत होते. त्यात दोन मुली. एक माझ्याच वयाची, एकोणीस-वीसची. तिनं मला दारात उभी बघितलं आणि म्हणाली, "पायत काय राह्यली? ये ना."

मी शाळेत कबड्डी खेळलेली. दंड भरलेले, भीती नाही. चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली आणि गेले. तीन श्वास घेतले असतील नसतील, मी पालथी पडले होते, ती माझ्या पाठीवर बसली होती आणि माझा हात कुठे आहे ते मलाच सापडत नव्हतं. मला हसू सुटलं. खदाखदा. का ते आजही सांगता येत नाही. कुणीतरी पोटात गुदगुल्या कराव्यात तसं. मालक दारात येऊन उभा होता, त्याच्या मागे हातात कापूस घेऊन माय.

मालक म्हणाला, "पडल्यावर रडनारे बम पायले. हसनारी पयलीच पायली."

माय म्हणाली, "उठ वं. कपडे पाय कसे करून ठेवले."

तो मालक पुढे माझा चाचा झाला, आणि उस्तादही. तरुणपणी त्यानं कुस्त्या मारल्या होत्या. नंतर मोबाइलवर बघून बघून तो मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकला आणि शिकवायला लागला. त्यात ठोसा चालतो, लाथ चालते, कुस्तीचे डाव चालतात, गळा आवळणंही चालतं. लढत होते ती जाळीच्या पिंजऱ्यात. मायनं गावात सांगताना हे सगळं 'कराटेसारखं' या एका शब्दात गुंडाळलं. बाबांना काही अडचण नव्हती. ते म्हणाले, "सोयाबीनचे भरलेले कट्टे उचलतेच थे. मानसं उचलू दे." मायची अट एकच होती. माझी वेणी कमरेच्या खाली जायची, जाड, काळी, दर रविवारी तिच्या हातानं तेल लावलेली. चाचानं एकदा केस कमी करायचं सुचवलं, तेव्हा तिनं त्याला दुकानात जाऊन सांगितलं, "पोरीले पाडा, मारा, काई करा. केसाले हात लावाचा नाई."

चार वर्षं मी सकाळच्या एसटीनं मालेगावला जात राहिले. अकोल्यात लढले, नागपुरात लढले. त्या हौशी लढती, नडगीवर जाड पट्टे बांधून. पाचांपैकी चार जिंकले. आणि मग एका दुपारी चाचाचा फोन आला. आवाज इतका मोठा की कानापासून फोन लांब धरावा लागला.

"बेटा, हैदराबादहून बुलावा हाय! प्रोफेशनल! पट्टे नाई, कुछ नाई! खरीखुरी!"

मी शेतात तुरीच्या ओळीत उभी होते. तिथेच उड्या मारायला लागले. शेजारच्या शेताच्या बांधावरच्या काकूंना वाटलं साप निघाला. त्या काठी घेऊन धावत आल्या.

नियम असा की लढणाऱ्याच्या कोपऱ्यात दोन माणसं असतात. एक उस्ताद, दुसरा पाणी-बर्फ देणारा. आमच्यातला दुसरा माणूस म्हणजे जवळच्या शिरपूरचे एक शिक्षक, चाचाचे जुने जोडीदार. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना शाळेतून सुट्टी मिळाली नाही. आता कोण? शेडमधल्या सगळ्यांच्या परीक्षा. चाचा मेडशीला घरी आला, चहा प्यायला आणि मायकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमी चाला."

"मी? मी काय करू तिथी?"

"बर्फ लावाचा. पानी द्याचं. पोरगी तं तुमचीच हाय."

माय बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "जा. गाय मी पायतो." माय उठली आणि आत जाऊन डब्यात धपाटे भरायला लागली. हा तिचा होकार होता.

वाशीमच्या स्टेशनवर चाचा दोन मोठ्या रजया पाठीवर घेऊन आला. डब्यातल्या लोकांना वाटलं विकायला चाललाय. एका बाईंनी भावही विचारला. रजया माझ्यासाठी होत्या. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, आणि त्या वजनात बसायचं तर अंगातलं पाणी घामावाटे काढावं लागतं. मोठे लोक त्यासाठी खास कपडे घालतात, गरम वाफेच्या खोलीत बसतात. चाचानं हॉटेलच्या खोलीत मला दोन रजयांत गुंडाळलं, दहा मिनिटं बसवलं, बाहेर काढलं, नाडी बघितली, परत गुंडाळलं. मी फक्त नाक बाहेर ठेवून बसलेली. समोरच्या खाटेवर माय धपाटे खात होती.

"माय, तिकडे जाऊन खा ना वं."

"काहून? मी तं वास बी येऊ नाई देऊन राह्यली," असं म्हणत तिनं लोणच्याची बाटली उघडली.

वजनाची वेळ आली. मोठा हॉल, पाठीमागे झगमगीत पडदा, काट्याजवळ टाय लावलेला अधिकारी. मी काट्यावर चढले. अधिकाऱ्यानं आकडा वाचला. नियमातली सूट धरूनही दीडशे ग्रॅम जास्त. अंगठी नाही, बांगडी नाही, कानात रिंग नाही. अंगावर होते ते कपडे भिंगातून बघावे इतकेच. अधिकारी म्हणाला, एक तास आहे.

चाचाचा चेहरा पडला. अंगात काढायला पाणीच उरलं नव्हतं. ओठ फुटले होते. धाव म्हटलं असतं तर मी तिथेच बसले असते. चाचा म्हणाला, "थुंक बेटा, जेवढं थुंकता येते तेवढं थुंक." मी पेला धरून बसले, तोंडात थुंकीच नव्हती. चार वर्षं, आणि दीडशे ग्रॅम. डोळे भरून आले आणि मी चक्क विचार केला की रडावं, तेवढंच पाणी जाईल.

तेवढ्यात माय मागे येऊन उभी राहिली. तिनं माझी वेणी हातात घेतली. जोखावी तशी तळहातावर वर-खाली केली. आणि चाचाला म्हणाली, "कात्री हाय का?"

चाचा मान हलवायला लागला. "नाई नाई वहिनी. तुमीच तं म्हनल्या होत्या..."

"म्या म्हनलं होतं तुमी हात नका लावू. मी लावून राह्यली ना."

कोपऱ्याच्या पिशवीत पट्ट्या कापायची कात्री होती, बोथट, बोटाएवढी. वेणी जाड. मायनं मानेपाशी एक करकच्चून गाठ बांधली आणि कापायला सुरुवात केली. कचकच, कचकच. संपेचना. शेवटी चाचानं वेणी ताणून धरली आणि माय दोन्ही हातांनी कात्री दाबत राहिली. मला मागचं काही दिसत नव्हतं. फक्त तिचा श्वास मानेवर लागत होता. एकदम डोकं हलकं झालं आणि पुढे झुकलं.

मी हळूच वळले. माय वेणी हातात धरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही रडणार. पण ती फिस्सकन हसली.

"बाप्पा! डोकसं किती लायनं हाय वं तुहं!"

मग आम्ही दोघी हसत सुटलो. चाचा आधी डोळे पुसत होता, मग तोही. त्या ताणलेल्या हॉलमध्ये, उपाशी, तहानलेल्या, गंभीर तोंडांच्या लढवय्यांमध्ये आम्ही तिघं पोट धरून हसत होतो. मी काट्यावर चढले. बसले वजनात, वर दहा ग्रॅम शिल्लक ठेवून. अधिकाऱ्याला राहवलं नाही. त्यानं वेणी मागून घेतली आणि काट्यावर ठेवली. एकशे साठ ग्रॅम भरली. त्यानं ती दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी मायला परत केली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्याचे पास देताना आयोजकांच्या माणसानं हिंदीत विचारलं, या बाईंचा अनुभव किती? चाचा क्षणभरही न थांबता म्हणाला, "तेईस साल." माझं वय तेवीस होतं. त्या माणसानं तसंच लिहून घेतलं. लुगडं नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात पास अडकवलेली माय माझ्या मागून पिंजऱ्याकडे चालत आली. दिवे, धूर, छातीत घुमणारं संगीत. ती माझ्या पाठीवर हात ठेवून ओरडून म्हणाली, "वरात काढली का हे?"

समोरची मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. दिल्लीकडची. तिचे पाय तर संपतच नव्हते. घंटा झाली आणि पहिल्या मिनिटातच तिची लाथ माझ्या डाव्या मांडीवर बसली. खलबत्त्यात बोट सापडावं तसं झालं. मग आणखी एक. मी वाकले की नाकावर ठोसा. रक्त ओठांवर आलं, खारट लागलं, आणि खरं सांगते, त्याही वेळी मनात कुठेतरी फुगे सुटत होते. एवढे लोक, एवढे दिवे, आणि मधोमध मेडशीची मी! पण फुग्यांनी लढत जिंकता येत नाही. पाच मिनिटांचा तो पहिला डाव मी साफ हरले.

स्टुलावर बसले. चाचा पुढे वाकून सांगत होता, जवळ जा, लांब राहू नको, धर तिला. माय बर्फ मानेवर लावत होती. तिचे हात बर्फानं थंडगार झाले होते. चाचानं दम घ्यायला तोंड मिटलं तशी ती बोलली.

"थे पोट्टी लात माराच्या आंधी डावं पाऊल बाहेर टाकते. दर बारी."

चाचानं मान वळवली. "तुमाले कसं मालूम?"

"मले तोंडाकडे पायवत नव्हतं. म्हनून मी नुसते पायच पायत होती." मग मला म्हणाली, "आपली काबरी गाय नाई का, लात माराच्या आंधी दुसरा पाय सरकवते? तसंच. मी सांगतो तुले."

आमच्या काबऱ्या गाईनं गावातल्या तीन जणांना आडवं केलं होतं. मायला मात्र एकदाही लाथ लागली नव्हती. चाचा हे ऐकून बाजूला सरकला. उस्ताद म्हणून त्याची ती सगळ्यात मोठी गोष्ट, असं मी मानते. तो म्हणाला, "बेटा, मायचं आइक."

दुसरा डाव सुरू झाला. मी थोडी जवळ सरकले. जाळीमागून मायचा आवाज आला, शेतात हाक मारावी तसा, संगीत आणि गर्दी फाडून.

"आली!"

मी मागे झाले. लाथ हवेत गेली.

"आली!"

परत हवेत. त्या मुलीच्या कोपऱ्यात पुण्याकडचा एक मराठी माणूस होता. आम्ही काय बोलतो ते कळावं म्हणून त्याला मुद्दाम आमच्या बाजूला कान द्यायला लावलं होतं, हे त्यानंच नंतर आम्हाला सांगितलं. मायचं 'आली' ऐकून तो बिचारा दोनदा मागे वळून दाराकडे बघत होता, कोण आली म्हणून.

"आली वं!"

तिसऱ्या वेळी मी मागे झाले नाही. पुढे गेले, लाथ वर येता येता बगलेत पकडली आणि तिचा उभा पाय माझ्या पायानं झाडला. ती पाठीवर पडली. धप्प. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. चार वर्षं मी त्याच आवाजात राहिले होते. उभं राहून ती माझ्यापेक्षा चांगली होती, खाली मात्र मी घरी होते. ती उठायला वळली, मी पाठीवर गेले, पाय कमरेला गुंडाळले, हात हनुवटीखाली सरकवला आणि आवळला. चाचा ओरडत होता, "दाब! दाब बेटा, सोडू नको!" आणि त्याच्या शेजारून, त्याच कोपऱ्यातून, त्याहून मोठ्यानं:

"सोड वं तिले! मरन ना! लोकाची पोट्टी हाय!"

मला हसू यायला लागलं. दातांवरचं रबरी कवच चावून मी हसू दाबत होते. हसताना हात सुटला असता. चाचा मायला सांगतोय, वहिनी गप बसा. माय चाचाला सांगतेय, तुमीच शिकवलं तिले हे. आणि तेवढ्यात माझ्या दंडावर तीन थापा पडल्या. तिनं हार मानली होती. पंचानं मला ओढून बाजूला केलं.

मी धावत सुटले. कुठे ते माहीत नव्हतं. पिंजरा गोल, मी गोल धावत राहिले. पंच माझा हात वर करायला माझ्या मागे धावत होता. दार उघडलं तशी माय आत आली, आणि माझ्याजवळून निघून सरळ त्या मुलीकडे गेली. तिच्यासमोर गुडघ्यावर बसली, गळ्याला हात लावला. "लागलं का बाई तुले? पानी पे. हळू पे." त्या मुलीला एक शब्द कळला नसेल. तिनं पाणी घेतलं आणि मायच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग मायनं मला खूण केली, इकडे ये. मी गेले. तिनं आम्हा दोघींना एकेका हातानं पकडून एकमेकींच्या गळ्यात घातलं, जत्रेत भांडलेल्या बहिणींना घालावं तसं. निवेदकानं माझ्या तोंडासमोर माईक धरला तर मला हसण्यापलीकडे काही करता येईना. त्या लढतीनंतरची माझी मुलाखत म्हणजे दीड मिनिटाचं हसणं आहे, ते अजून मोबाइलवर फिरतं.

गावात काय चाललं होतं ते नंतर कळलं. मेडशीच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बाबा आणि पंचवीस-तीस माणसं एका मोबाइलवर लढत बघत होती. मी लाथ बगलेत पकडली आणि त्याच क्षणी नेटवर्क गेलं. चित्र थांबलं. त्यात ती मुलगी एका पायावर, तिचा दुसरा पाय माझ्या बगलेत, आणि दोघींची तोंडं उघडी. दहा मिनिटं ती माणसं त्या एका चित्राकडे बघत वाद घालत राहिली, आता कोण पडन म्हणून. एक जण फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. शेवटी बाबांनी चाचाला फोन लावला.

"काई सांगू नको. जितली का हारली, येवढंच बोल."

चाचाला रडू कोसळलेलं. त्याला बोलताच येईना. बाबांनी समजून घेतलं की हरली, आणि म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, लागलं तं नाई ना तिले?" मग मायनं फोन हिसकला. पुढचं तिनं जे ओरडून सांगितलं ते, बाबा म्हणतात, फोनशिवायही ऐकू आलं असतं.

शाळेच्या मैदानावर सत्कार झाला. सरपंचांनी माझी ओळख 'कुंग फू विजेती' अशी करून दिली. मग त्यांना हुरूप आला. म्हणाले, गावाला कळू द्या तो डाव काय असतो, माझ्यावर करून दाखव. मी नको म्हटलं. चाचा नको म्हणाला. सरपंच शेला सावरून माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले. मी अलगद, अगदी फुलासारखा हात गळ्याभोवती ठेवला.

"दाब! मी भेत नाई!"

मी जरासं दाबलं. थाप मारायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते फक्त गोड हसले आणि हळूहळू खुर्चीत बसले. दोन क्षणांनी डोळे उघडून त्यांनी माईक मागितला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, लय शांत वाटलं." मैदान असं हसलं की झाडावरचे पोपट उडाले. त्या आठवड्यात गावातल्या नऊ मुली मालेगावच्या शेडमध्ये आल्या. चाचाला आणखी गाद्या शिवाव्या लागल्या.

सगळं असंच चाललं असतं तर मी ही आठवण लिहिलीच नसती, लोकांना खरी वाटली नसती. दुसरी लढत मी एका मिनिटाच्या आत हरले. या वेळची मुलगी बुटकी होती, खांद्यांनी माझ्यासारखीच. माय माझ्या कोपऱ्यात, डोळे तिच्या पावलांवर खिळवून. मी मायच्या हाकेची वाट बघत होते. हाक आलीच नाही. आला तो सरळ डाव्या भुवईवर ठोसा, त्यामागून दुसरा, आणि पंचानं लढत थांबवली.

दवाखान्याच्या खाटेवर मी आडवी. डॉक्टर भुवईला टाके घालत होते. हरल्याचं दुःख होतंच. चार महिन्यांची मेहनत पन्नास सेकंदांत गेली होती. माय उशाशी उभी, चाचा पायथ्याशी. माय अगदी अपराधी आवाजात म्हणाली,

"मी पायाकडेच पायत होती. मेलीनं एक बी लात नाई मारली."

माझं पोट हलायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "हसू नका, टाका सुटेल." मी श्वास रोखला. माय पुढे म्हणाली, "मी मनात म्हनलं, हे पोट्टी मारत काहून नाई? तवर तू खाली." डॉक्टरांचाच हात थांबला. त्यांनी सुई बाजूला ठेवली, तोंड भिंतीकडे केलं, आणि त्यांची पाठ हलताना मला दिसली. चाचा खदखदत होता, त्याला बाहेर काढलं. मग मायलाही बाहेर काढलं. तरी दाराच्या फटीतून तिचा आवाज आला, "आता हात बी पायन मी!" आणि राहिलेले तीन टाके घालायला पाऊण तास लागला.